पिलसुनचं खोटं पान

अर्जात एक रकाना होता : 'शिक्षण का सुटले?' पिलसुनने त्यात 'घरची परिस्थिती' असं लिहिलं आणि कागद खिडकीतल्या मुलीकडे सरकवला. मुलीने तो वाचलासुद्धा नाही, सरळ शिक्का मारला. त्या शाळेत नाव घालायला येणारी प्रत्येक बाई तेच लिहायची.

देगू शहराच्या जुन्या बाजारामागे औषधी मुळ्या विकणाऱ्यांची ओळ आहे. तिथल्या दोन दुकानांच्या वरच्या मजल्यावर ही शाळा भरायची, वय उलटून गेलेल्या बायकांची. सकाळी दहा ते एक. दोन वर्षांत माध्यमिक पूर्ण. वर्गात तेवीस बायका होत्या. सगळ्यांत धाकटी एक्कावन्नची आणि सगळ्यांत थोरली अठ्ठ्याहत्तरची. पिलसुन साठीची. बाजारात तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पंचवीस वर्षं ती लोकांच्या विजारी आखूड करत होती, चेन बदलत होती, फाटलेली अस्तरं सांधत होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलती मुलगी बोराम लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिनेच एकदा हटकलं होतं, "आई, येतेस तेव्हा माझ्या पोरीच्या वह्यांत डोकं घालून बसतेस. एकदाची स्वतःची वही घे ना!"

तर पिलसुनने वही घेतली. दुकान दुपारी दीडला उघडू लागलं.

गणिताने तिला रडवलं, इंग्रजीने हसवलं. तिचा जीव रमला तो इतिहासात. इतिहास शिकवायला योम सर होते. बत्तीस वर्षांचे, सडसडीत, दाढीचे चार केस चुकून राहिलेले. वर्गातल्या सगळ्या बायकांना ते 'आई' म्हणत. एवढ्याशा शाळेला इतिहासाला एक आणि नीतीला एक असे दोन मास्तर परवडणार कुठून? त्यामुळे नीतीचा तासही त्यांच्याच गळ्यात.

"बाई गं, ह्या पोराचं खरं काय मानायचं?" पिलसुनच्या बाकावरची हेंगजा म्हणायची. "दहा वाजता सांगतो, राजाने गादीसाठी सख्खे भाऊ कापले. अकरा वाजता सांगतो, भावाबहिणींवर माया करा!"

"मग काय करू, आई?" योम सर हसत. "उलट क्रमाने शिकवू?"

"नको, नको. आधी कापाकापीच बरी. नंतर तोंड गोड होतं."

हेंगजा तरुणपणी शहर बसमध्ये कंडक्टर होती. आवाज अजूनही तसाच, थेट मागच्या दारापर्यंत पोचणारा. डब्यात उकडलेली रताळी आणायची आणि सर फळ्याकडे वळले की पिलसुनच्या हातात अर्धं कोंबायची. पिलसुनपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून पिलसुन तिला ताई म्हणे. इतक्या वर्षांत पिलसुनने कुणाला मनापासून ताई म्हटलं नव्हतं. आधी एकीला म्हणायची, पण ते फार जुनं.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षाच्या पानगळीत इतिहासाचं पुस्तक त्यांच्या स्वतःच्या आयुष्याला येऊन भिडलं. धड्याचं नाव होतं 'उद्योगीकरण'. निर्यात किती वाढली याचा तक्ता, महामार्गाचं चित्र, आणि खाली कोपऱ्यात एक फोटो : डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या मुली, समोर चात्यांची लांबच लांब रांग. फोटोखाली दोन ओळी. 'कामगारांना कमी मोबदल्यात दीर्घकाळ काम करावे लागे. स्त्री-कामगारांनी आपल्या हक्कांसाठी आवाज उठवला, परंतु तो दडपण्यात आला.'

वर्गात एकच कालवा झाला.

"अगं, ही तिसरी मीच असेन!"

"तुझं नाक एवढं सरळ कधी होतं?"

"दोनच ओळी? माझी सात वर्षं गेली त्या धुरळ्यात, आणि दोन ओळी?"

योम सरांनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, "आई, दोनच ओळी आहेत हे खरं. म्हणून पुढच्या आठवड्याला घरचा अभ्यास : पुस्तकात नसलेलं एक पान. तुमचं. तुम्ही पाहिलेलं. फक्त खरं लिहा, बाकी शुद्धलेखन मी बघतो."

पिलसुनने पुस्तक जवळ ओढलं. फोटोतल्या मुलींचे चेहरे ती एकेक करून तपासत होती.

* * *

पंधराव्या वर्षी ती गिरणीत लागली. घर डोंगरात, भावंडं पाच, आणि तिने लिहायला शिकावं एवढी सवड तिला कुणी दिलेली नव्हती. प्राथमिक शाळेत नाव होतं. हजेरी लावायची आणि धाकट्याला पाठीवर बांधून परत यायचं. गिरणीच्या वसतिगृहात बारा मुलींच्या खोलीत तिची गादी यांगिमच्या शेजारी पडली. यांगिम तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. सूतखात्यात तिचा हात इतका चपळ, की तुटलेला धागा कधी जोडला ते दिसायचंही नाही. पिलसुन घरी पत्र लिहायला बसली आणि पहिल्याच ओळीत अडली, तेव्हा यांगिमने तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली नाही. तिचा हात धरला. "अशी वळव. कोंबडीच्या पायासारखं नको काढू." तीन वर्षं, पाळी सुटल्यावर रोज थोडं थोडं. पिलसुनचं अक्षर हे खरं तर यांगिमचं अक्षर होतं.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात यांगिमने सह्या गोळा करायला सुरुवात केली. मागणी फार मोठी नव्हती. रविवारची पाळी सक्तीची नको, जागं राहण्यासाठीच्या गोळ्या वाटणं बंद करा, आणि संघटनेची प्रतिनिधी आम्ही आमची निवडू. कागद एका उशीच्या अभ्र्यात फिरत होता. पिलसुननेही सही केली होती.

मग एके दिवशी मुकादमाने तिला बोलावलं. ओरडला नाही. खुर्ची दिली, बार्लीचा चहा दिला. गिरणीने नुकतीच कामगार मुलींसाठी संध्याकाळची माध्यमिक शाळा काढली होती. मोठ्या पांढऱ्या कॉलरचा गणवेश घालून मुली तिसऱ्या प्रहरी गिरणीच्या अंगणातून जायच्या, तेव्हा पिलसुन खिडकीला नाक लावून बघत राहायची. मुकादमाला ते ठाऊक होतं.

"यंदा एक जागा उरलीय," तो म्हणाला. "पण शाळेत काय, भरवशाचीच मुलगी घ्यायची असते. तो कागद कोण फिरवतंय, तेवढं लिहून दे. तुझी सही त्यावर असली, तरी ती आम्हाला दिसलीच नाही असं समजू."

तिने पाच नावं लिहिली. पहिलं यांगिमचं. कागद उशीच्या अभ्र्यात असतो, तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी यांगिमची गादी गुंडाळलेली होती. बाकीच्या चौघींना दमदाटी करून, माफीनामे लिहून घेऊन ठेवून घेतलं. यांगिमला गादीसकट फाटकाबाहेर काढलं, आणि तिचं नाव देशभरातल्या गिरण्यांना कळवलं, असं मुली कुजबुजत होत्या.

पिलसुनला गणवेश मिळाला. ती अकरा दिवस शाळेत गेली. बाराव्या दिवशी बाईंनी तिची वही उचलून वर्गाला दाखवली. "किती सुंदर अक्षर! कुणी शिकवलं गं?" पिलसुन उठून बाहेर गेली ती परत त्या वर्गात गेलीच नाही. वर्षभराने गिरणीही सोडली, लग्न केलं, आणि शाळा का सुटली असं कुणी विचारलं की म्हणायची, घरची परिस्थिती.

* * *

शिलाईयंत्रावर वही ठेवून ती लिहायला बसली. 'आमच्या खोलीत यांगिम नावाची एक मुलगी होती' एवढं वाक्य लिहिलं आणि पेन्सिल तिथेच अडली. पुढे काय लिहायचं? ती सह्या गोळा करायची. मग? मग तिला काढलं. कसं काढलं? कुणी सांगितलं?

 एक गिऱ्हाईक कोट घेऊन आलं, गेलं. मग तिने ते वाक्य खोडलं आणि नवीन लिहिलं : 'मी आमच्या खोलीत सह्या गोळा करायची.'

त्यानंतर मात्र हात थांबला नाही. उशीच्या अभ्र्यातला कागद, गोळ्या खाऊन लाल झालेले डोळे, कुणीतरी फितूर झालेली मैत्रीण, फाटकाबाहेर फेकलेली गादी. सगळं होतं तसंच लिहिलं, फक्त जागा बदलली. तिला वाटलं, वर्गात एकदा वाचून दाखवायचं आणि विसरून जायचं. कुणाचं काय बिघडणार?

पुढच्या आठवड्याला वर्गात आधी हेंगजाने आपलं पान वाचलं. रोज संध्याकाळी डेपोत कंडक्टर मुलींची झडती व्हायची. तिकिटाचे पैसे लपवलेत का, म्हणून मोजेच काय, आतले कपडेसुद्धा काढायला लावत. हेंगजाने एरवीच्या मोठ्या आवाजात सुरुवात केली, आणि शेवटाला तिचा आवाज बाकापलीकडे जाईना. "घरी आईने विचारलं, काम बरं आहे का? मी म्हटलं, फार हवा लागते गं बसमध्ये, मजा आहे." एवढंच शेवटचं वाक्य. वर्गात कुणी नाक ओढल्याचा तेवढा आवाज झाला.

आणि मग पिलसुनची पाळी आली. ती वाचत गेली. संपलं तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची किल्लेआजी उठून उभी राहिली. 'किल'बाई तिचं खरं आडनाव, पण बांधा किल्ल्यासारखा, म्हणून वर्गाने ते नाव पाडलं होतं. हेंगजाने पिलसुनचा हात गच्च दाबला. "एवढं करून बसलीस आणि दोन वर्षं माझी रताळी मुकाट्याने खातेस? मला वाटलं, तू भित्री ससुली!"

योम सरांनी चष्मा काढून पुसला. "आई, हे पान मी शाळेच्या अंकात घेतो. आणि जुन्या गिरणीकामगार बायकांच्या आठवणी गोळा करणारा एक गट आहे. त्यांना पाठवू ना?"

नको म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. तिने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सरांनी होकार धरला.

त्या रविवारी बोराम आली ती पान वाचूनच. सरांनी शाळेच्या फोन-गटावर टाकलं होतं. "आई! तू कधी बोलली नाहीस! मी सासरी सगळ्यांना दाखवलं. सासूबाई रडल्या." नातीने आजीचं चित्र काढलं होतं : हातात कागद, मूठ वर. पिलसुनने ते फ्रिजवर लावलं आणि जेवताना फ्रिजकडे पाठ करून बसली.

* * *

तीन आठवड्यांनी नीतीच्या तासाला 'सदसद्विवेक आणि जबाबदारी' हा धडा आला. पुस्तकात एक प्रसंग दिला होता : एका मुलावर मोठी माणसं दबाव आणतात, आणि तो मित्राचं गुपित फोडतो. प्रश्न : यात दोष कुणाचा?

"मोठ्यांचा," एक बाई म्हणाली. "पोराला काय कळतं?"

"का नाही कळत?" हेंगजा उसळली. "दबाव कुणावर नव्हता हो? माझ्या डेपोत एक होती, आमच्यातलीच. कोण काय बोलतं ते वर जाऊन सांगायची. तिला खिडकीजवळची खाट मिळाली. खाट! आणि आमच्या पिलसुनचं बघा. ज्या भवानीने हिचं नाव दिलं ती आज कुठेतरी नातवंडं खेळवत बसली असेल. काही लाज?"

"हेंगजाआई," योम सर म्हणाले, "आपण त्या मुलाबद्दल बोलतोय."

"मी पण त्याच मुलाबद्दल बोलतेय."

"पिलसुनआई, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही तर ते सोसलंय."

बावीस चेहरे तिच्याकडे वळले.  "माझं... माझं डोकं दुखतंय, सर," असं म्हणून तिने पिशवी उचलली. जिन्यात तिला औषधी मुळ्यांचा वास सहन होईना. नाक दाबून ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरांनी तिला थांबवून घेतलं. चेहरा आनंदाचा, पण जरा गोंधळलेला. "आई, त्या गटाचा फोन होता. तुमच्या गिरणीतली एक बाई त्यांच्या ओळखीची निघाली. त्या म्हणतात, अठ्ठ्याहत्तरला त्या वसतिगृहातून एकाच मुलीला काढलं होतं. कू यांगिम. तुमच्याबरोबर होत्या का त्या? त्यांना दुसरी कुणी आठवत नाही म्हणे. वय झालंय, विसरल्या असतील..."

सर तिला वाट काढून देत होते. पिलसुनला ते दिसलं. 'हो, विसरली असेल,' एवढं म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं.

"ती विसरलेली नाही," पिलसुन म्हणाली. "काढलं यांगिमलाच. तिचं नाव लिहून देणारी मी."

योम सर बाकावर बसले. बाहेर कुणीतरी मुळ्या कुटत होतं, त्याचा ठकठक आवाज येत राहिला.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, फक्त खरं लिहा," ते अखेर बोलले. आवाज चढलेला नव्हता, पण 'आई' हा शब्द त्यात नव्हता. "मी ते पान दुसऱ्या शाळेत वाचून दाखवलं. मुलींना. त्या रडल्या."

"माझी लेकही."

"तुम्ही असं का..." ते थांबले. "मला आज काही सुचत नाहीये. तुम्ही जा. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी ते बोलले नाहीत. पिलसुननेच त्यांच्याकडे यांगिमचा पत्ता मागितला. तिची परवानगी विचारल्याशिवाय देता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि दोन दिवसांनी पत्त्याची एक चिठ्ठी तिच्या वहीत ठेवून गेले. 'त्या म्हणाल्या, यायचं तर येऊ दे.'

* * *

यांगिम योंगचोनजवळच्या एका वाडीत राहत होती. द्राक्षांचा हंगाम नुकताच संपला होता. मांडवाखाली उभी राहून ती वेलींवरचे उरलेले कागदी पुडे ओढून काढत होती. केस पांढरे, पाठीला पोक, पण हात तेच. पिलसुनने लांबूनच ओळखलं.

"यांगिम ताई."

यांगिमने वळून पाहिलं. "आलीस? बस. पाय ओले करू नकोस, तिकडे पाणी सोडलंय."

बसायला उलटी टोपली होती. पिलसुन बसली नाही. वाटेत बसमध्ये तिने जे जे घोकलं होतं त्यातला एक शब्द आठवेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तुझं नाव मी दिलं होतं."

"ठाऊक आहे."

"ठाऊक?"

"मुकादमाने तू लिहिलेला तो नावांचा कागद माझ्यापुढेच टाकला. म्हणाला, बघ, तुझ्या मैत्रिणी कशा आहेत. खाली सही नव्हती, पण अक्षर माझंच होतं. क्षणभर वाटलं, मीच झोपेत लिहिलं की काय." यांगिमने एक पुडा ओढला, चुरगळून पोत्यात टाकला. "मग कळलं."

"चाळीस वर्षं तुला ठाऊक होतं?"

"मग काय करायला हवं होतं? तुझ्या झिंज्या उपटायला परत आले असते, तर फाटकावरच अडवली असती मला. कुठल्या गिरणीत उभं करीनात. पुसानला गेले, बुटांच्या कारखान्यात बहिणीच्या नावावर लागले. तिथेही कळलं, काढलं. पुन्हा दुसरीकडे, दुसरं नाव. सहा वर्षं मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नाही, पिलसुन. कधी कधी तर कुणी खरोखर 'यांगिम' म्हणालं, तरी मी वळत नसे."

पिलसुनने गुडघे टेकले. चिखलातच. "ताई, मला माफ..."

"ऊठ. ते शब्द इथे ठेवून जाऊ नकोस. मी काही ते उचलणार नाही." यांगिम चिडलेली वाटत नव्हती, थकलेली वाटत होती. "तू तेव्हा अठरा वर्षांची होतीस. गणवेश हवा होता. तो मलाही हवा होता. त्याचा राग मी कधीचा खाऊन पचवला. पण परवा त्या गटाच्या पोरीने मला फोनवर तुझं पान वाचून दाखवलं. 'मी सह्या गोळा करायची.' 'माझी गादी फेकली.' आता किती वर्षांची आहेस तू?"

"साठ."

"मग? साठीची बाई, पुन्हा माझं नाव काढून घेतेस?"

 यांगिमनेच पाण्याचा तांब्या पुढे केला. पिलसुन प्यायली. मग नुसतं उभं राहवेना म्हणून तीही पुडे काढू लागली. दोघी ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या. बसची वेळ झाली तेव्हा यांगिम म्हणाली, "खरं लिहिणार असशील तर लिही. पण माझं नाव घालू नकोस. सुनेला यातलं काही माहीत नाही, आणि मला आता या वयात कुणाची दया नको."

* * *

पिलसुनने वर्गात उभं राहून सांगितलं तो दिवस मंगळवार होता, इतिहासाचा तास. लांबण लावली नाही. पान खोटं आहे, फितुरी सोसलेली मी नव्हे, फितूर झालेली मी, आणि त्या गटाचा फोन येईपर्यंत सरांना यातलं काही माहीत नव्हतं. यांगिमचं नाव घेतलं नाही, 'माझी एक ताई' एवढंच म्हणाली.

आधी कुणाला समजलंच नाही. मग समजलं. पुढच्या बाकावरच्या एकीने तोंडावर हात ठेवला. योम सर फळ्याजवळ खडू हातात घेऊन उभे. नीतीचं पुस्तक त्यांच्या टेबलावरच होतं, पण त्यात या प्रसंगाला लागेल असं एक वाक्य त्यांना सापडलं नसावं.

हेंगजाने शांतपणे आपला डबा उचलला, वही उचलली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

"हेंगजाताई..."

"मला ताई म्हणू नकोस. तुझ्या त्या ताईचं काय झालं ते ऐकलं आत्ताच."

"असं कसं बोलतेस गं?" दुसरी एक म्हणाली. "आली ना सांगायला? कोण सांगतं असं?"

"खोटं उघडं पडणार म्हणून सांगितलं! त्या गटाचा फोन आला नसता तर सांगितलं असतं का? विचार तिला."

"नसतं सांगितलं," पिलसुन म्हणाली.

 किल्लेआजी कुरकुरली, "मुलींनो, कुणाला फाशी द्यायची असेल तर लवकर द्या. मला दीडच्या बसने जायचंय." दोघीतिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. सरांनी धडा पुढे चालू केला. आवाज ओढून ताणून आणलेला.

बोरामला सांगणं त्याहून अवघड गेलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सासूबाईंना मी काय सांगू आता?" नंतर आईने तसं का केलं ते विचारलं, आणि सर्वांत शेवटी, रडत, शाळेतल्या त्या अकरा दिवसांबद्दल. नातीचं चित्र पिलसुनने फ्रिजवरून काढलं, पण फाडलं नाही. पुस्तकात घालून ठेवलं. नातीला काय सांगायचं ते दोघींनाही ठरवता आलं नाही. अजूनही ठरलेलं नाही.

नवीन पान लिहायला तिला दोन आठवडे लागले. मुकादमाची खुर्ची, बार्लीचा चहा, पांढरी कॉलर, पाच नावं. यांगिमच्या जागी 'माझी एक ताई'. योम सरांनी ते वाचलं, शुद्धलेखनाच्या चार चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि शेवटी काहीही शेरा न देता परत केलं. दाराशी गेल्यावर मात्र ते वळले. "आई, मी त्या दिवशी चिडलो. मला वाटतं, मला तुमचं ते पहिलं पानच खरं असायला हवं होतं. शिकवायला सोपं जातं."

"मलाही तेच हवं होतं, सर," पिलसुन म्हणाली.

अंकात नवीन पान छापायचं की नाही यावर वर्गात दोन तट पडले. हेंगजा विरुद्ध होती. "फितुरांनाही पान द्यायचं, मग मुकादमालाही द्या एक!" शेवटी मतं घेतली, बारा बायका बाजूने, दहा विरुद्ध. पिलसुनने मत दिलं नाही.

अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. पलीकडे यांगिम.

"तुझ्या सरांनी पाठवलेलं ते नवं पान त्या गटाच्या पोरीने मला वाचून दाखवलं. दोन चुका आहेत. गोळी एक नव्हे, दोन द्यायचे. पाळीच्या सुरुवातीला एक आणि मध्ये एक. आणि कागद उशीच्या अभ्र्यात होता म्हणतेस, तो पहिल्या आठवड्यात. नंतर मी तो सोयाबीनच्या बरणीमागे ठेवला होता. तू मुकादमाला उशी सांगितलीस म्हणून त्यांना तो कागद सापडलाच नाही. बाकीच्या मुली त्यामुळे वाचल्या. लिहायचं तर नीट लिही."

पिलसुनच्या हातात टाचण्यांची डबी होती. ती तिने हळूच खाली ठेवली. "तुझं नाव..."

"नाव नको म्हटलं ना एकदा," यांगिम म्हणाली, आणि फोन ठेवला.

पिलसुनने दुकानाचं दार लोटून घेतलं, वही उघडली आणि दोन्ही दुरुस्त्या केल्या. मग छापखाना बंद व्हायच्या आत शाळेत पोचायला हवं म्हणून भुरभुर पावसात छत्री न घेताच निघाली.

माध्यमिकची परीक्षा ती पास झाली. इतिहासात वर्गात दुसरी, नीतीत कशीबशी. प्रमाणपत्रं वाटली त्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, त्यात हेंगजा दुसऱ्या टोकाला उभी आहे. यांगिमचा फोन पुन्हा आला नाही. पिलसुननेही केला नाही. दरवर्षी द्राक्षांच्या हंगामानंतर ती योंगचोनच्या बसची वेळ विचारून येते, आणि अजून तरी गेलेली नाही.